औषध आणि शुश्रूषा



रात्री दहाचा सुमार आहे. वॉर्डातील दिवे मंद झाले आहेत. सत्तरी ओलांडलेल्या एका रुग्णाला झोप येत नाही आणि परिचारिकेजवळ झोपेची गोळी आहे. गोळी दिली की वॉर्ड शांत होईल. परंतु तिच्यामुळेच वृद्धाला भ्रम होण्याची किंवा तोल जाऊन पडण्याची भीतीही असते. औषधावर भिस्त किती ठेवावी, हा प्रश्न परिचारिकेपुढे असा रोजच्या कामातून उभा राहतो.

प्रश्न जुनाच आहे. शुश्रूषा म्हणजे औषध पाजणे आणि पोटीस बांधणे एवढेच नव्हे, असे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० च्या सुमारास आपल्या पुस्तकातून बजावले. शुद्ध हवा, उजेड, ऊब, स्वच्छता, शांतता आणि योग्य आहार यांना त्यांनी शुश्रूषेचा गाभा मानले.

या विचाराला पुढे मोजमापाची जोड मिळाली. अमेरिकेत न्यू हेवन येथील रुग्णालयात सत्तरीच्या पुढील ८५२ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. त्यात निम्म्या रुग्णांना विशेष शुश्रूषा मिळाली. निजताना गरम पेय, पाठीला मालिश, मंद संगीत. दिवसा चालणेफिरणे, चष्मा व श्रवणयंत्र हाताशी असणे, वेळेवर पाणी. नेहमीची देखभाल मिळालेल्यांपैकी १५ टक्के रुग्णांना भ्रम झाला. विशेष शुश्रूषा मिळालेल्यांत हे प्रमाण ९.९ टक्के राहिले. मात्र भ्रम एकदा जडल्यावर त्याच्या तीव्रतेत फरक पडला नाही. साध्या उपायांची शक्ती आणि मर्यादा या दोन्ही गोष्टी येथे दिसतात.

परंतु औषधाविना असलेला प्रत्येक उपचार गुणकारी ठरतोच असे नाही. १९७० नंतरच्या दशकात न्यूयॉर्क विद्यापीठातील परिचर्येच्या प्राध्यापिका डोलोरेस क्रीगर यांनी ‘उपचारक स्पर्श’ या पद्धतीचा प्रसार केला. रुग्णाच्या शरीरापासून काही अंतरावर हात फिरवून त्याचे ‘ऊर्जाक्षेत्र’ जाणता व सुधारता येते, असा तिचा दावा होता. अनेक परिचारिकांनी ती आपलीशी केली. पुढे एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीने साधी चाचणी योजली. पडद्याआड तिचा हात आपल्या कोणत्या हाताजवळ आहे, एवढेच उपचारकांनी ओळखायचे होते. २१ उपचारकांच्या २८० प्रयत्नांपैकी १२३ उत्तरे बरोबर आली, म्हणजे ४४ टक्के; नाणे उडवूनही निम्मी जुळली असती. १९९८ साली हे प्रसिद्ध झाले. उपचार करणाऱ्याचा हेतू शुद्ध असला, म्हणून उपचार खरा ठरत नाही.

उलट, औषध नाकारण्यातही क्रौर्य असू शकते. सिसिली सॉन्डर्स आरंभी परिचारिका होत्या, पुढे डॉक्टर झाल्या. व्यसनाच्या भीतीने कर्करुग्णांना वेदना असह्य झाल्यावरच मॉर्फिन देण्याची रीत तेव्हा रूढ होती. वेदना परतण्यापूर्वीच, ठरावीक वेळी ते द्यावे, असा आग्रह त्यांनी धरला. आणि त्याच सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडून असेही दाखवले, की मरणोन्मुख माणसाची वेदना शरीरापुरती नसते. तीत मनाचे, कुटुंबाचे आणि श्रद्धेचेही दुःख मिसळलेले असते. त्यावर केवळ मॉर्फिन पुरत नाही.

भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर मॉर्फिन मिळणे अवघड झाले. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट काहीशी सुकर केली. मधल्या काळात, १९९३ पासून, कोळिकोड येथे वेदनाशमन आणि आपुलकीची शुश्रूषा एकत्र नांदवणारे कार्य उभे राहिले.

म्हणून औषध की पर्याय, ही निवडच मुळात अपुरी आहे. वॉर्डातील त्या वृद्धाला झोप का येत नाही, हे परिचारिकेने प्रथम विचारावे. त्याला कदाचित थंडी वाजत असेल, लघवीला जायचे असेल, घरची काळजी असेल. किंवा तो खरोखर वेदनेने तळमळत असेल. पहिल्या गोष्टींना पांघरूण, आधाराचा हात आणि दोन शब्द पुरतील. वेदनेसाठी डॉक्टरांना उठवावेच लागेल. त्यानंतर काय गुण आला, हे पाहून नोंदवणे, हेही तिचेच काम. गोळी असो वा मालिश, दोहोंची परीक्षा रुग्णाच्या खाटेपाशीच होते आणि तेथे रात्रभर जागी असते ती परिचारिका.