फुफ्फुसांतील गांठ : साधी कीं घातक?

छत्तीस वर्षें मीं मुलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक रकाना भरला : 'वर्तणूक'. तेथें 'चांगली' असें लिहितांना माझा हात क्वचितच अडखळला असेल. चार वर्षांपूर्वीं तोच प्रश्न एका गांठीविषयीं माझ्यापुढें आला, आणि मला उत्तर देतां आलें नाहीं.

गांठ माझ्या भाच्याची. वय चौतीस, येथेंच सोलापुरांत एका यंत्रमागाच्या कारखान्यांत हिशेबनीस. त्यास वरचेवर ताप येई, खोकल्यांतून रक्त पडे, आणि दर वेळीं सूज उजव्या फुफ्फुसाच्या त्याच भागांत. रक्त पडलें म्हणजे क्षय, हें समीकरण आपल्याकडे घरोघरीं पाठ आहे. थुंकींत जंतु सांपडले नसतांहि नऊ महिने क्षयाचीं औषधें झालीं. अखेरीस श्वासनलिकेंत दुर्बीण घातली, तेव्हां करवंदाएवढी तांबूस, गुळगुळीत गांठ दिसली. तिनें नळी अडविल्यामुळेंच मागचा भाग पुनःपुन्हां सुजत होता. तपासणींत नांव निघालें 'कार्सिनॉइड'. बहीण म्हणाली, "दादा, एका शब्दांत सांग, साधी कीं वाईट?"

हें नांव १९०७ सालीं म्यूनिकच्या ओबर्नडॉर्फर ह्यांनीं ठेविलें. त्यांनीं पाहिलेल्या गांठी आंतड्यांतील होत्या. दिसावयास कर्करोगासारख्या, वागावयास निरुपद्रवी, म्हणून 'कर्करोगसदृश'. चांगल्या वर्तणुकीचा दाखलाच म्हणाना! परंतु १९२९ सालीं त्यांनीं स्वतःच तो दुरुस्त केला : ह्यांतील कांहीं गांठी पसरतात. आपल्या हातचा दाखला आपणच खोडणारे मास्तर मीं फार पाहिले नाहींत. फुफ्फुसांतील अशा गांठींनाहि पुढें कित्येक वर्षें 'ब्रॉंकियल ॲडिनोमा' म्हणून साध्यांतच बसवीत असत. तें नांव आतां वैद्यकानें टाकून दिलें आहे.

फुफ्फुसाच्या गांठींत ह्यांचें प्रमाण शेंकडा एक-दोनच. त्यांचा निवाडा सूक्ष्मदर्शकाखालीं होतो. दोन चौरस मिलिमीटर जागेंत विभागत असलेल्या पेशी मोजतात. त्या दोनांहून कमी असून मेलेला भाग कोठेंहि नसेल, तर सौम्य जात. दोन ते दहा असतील किंवा मेलेले ठिपके दिसतील, तर उग्र. चिमटीएवढ्या तुकड्यावरून हें नक्की ठरत नाहीं, सबंध गांठ हातीं यावी लागते. सौम्य जातीचे शेंकडा नव्वदांच्या आसपास रोगी पांच वर्षांनंतरहि हयात असतात. तरी त्यांतील कांहींच्या लसिकाग्रंथींत ती पोंचलेली आढळते. दहा वर्षांनीं उलटल्याचींहि उदाहरणें आहेत. म्हणून आतां दोन्ही जाती घातकांतच गणतात. मात्र नेहमींच्या फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या पंक्तीस सौम्य जातीला बसविणें, हा तिच्यावर अन्याय होईल.

ह्याउलट हामार्टोमा. हिच्यांत कूर्चा, चरबी असे शरीरांतलेच पदार्थ अस्ताव्यस्त पडलेले असतात. क्ष-किरणांच्या चित्रांत कधीं कधीं चुन्याचे ठिपके ज्वारीच्या लाह्यांसारखे फुललेले दिसतात. ही खरोखर साधी. आणखी एक गांठ तर मोठी विलक्षण आहे. १९५६ सालीं लीबो व हबेल ह्यांनीं तिचें वर्णन केलें, तेव्हां ती रक्तवाहिन्यांची समजली गेली. पुढें ती वायुकोशांच्या अस्तराची ठरली, आणि नांवहि बदललें. ती क्वचित् लसिकाग्रंथींत जाते, आणि तरीहि सहसा रोग्याच्या जिवावर बेतत नाहीं! पसरली म्हणजे घातक, ही आपली सोपी व्याख्याहि तेथें लंगडी पडते.

असे निवाडे करणारीं माणसें आपल्याकडे फार जुनीं नव्हेत. मुंबईस १९४१ सालीं टाटा स्मारक रुग्णालय निघालें, तेव्हां तेथील प्रयोगशाळा डॉ. व. रा. खानोलकर ह्यांनीं उभारल्या. आपल्या जिल्ह्यांत बार्शीस १९८७ पासून खेड्यापाड्यांतील कर्करोगांची नोंदवही ठेवली जाते. ग्रामीण भागाची अशी ही देशांतील पहिलीच.

भाच्याची गांठ काढली. मोजदादींत ती सौम्य ठरली, पण एका ग्रंथींत तिच्या पेशी होत्या. बहिणीस मीं सांगितलें, "अक्का, ही चालते फार हळू, पण चालते." ती बराच वेळ बोलली नाहीं. मग तिनें विचारलें तें एवढेंच, कीं पुढची तारीख कोणती.

तेव्हांपासून दर वर्षीं तपासणी असते. यंदाची गड्ड्याची जत्रा उरकल्यावर आहे. मुंबईस मीच बरोबर जातों.