बटाटा नावाचं कासव आणि त्याचा दिवा
(आपल्या सोसायटीच्या रविवारच्या कट्ट्यावर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कट्ट्यावर आजवर मधुमेह झाला, इच्छापत्र झालं, म्युच्युअल फंड झाले आणि गुडघेदुखी तर दोनदा झाली. मी वीज मंडळात छत्तीस वर्षं काढली, तेव्हा मी गच्चीवरच्या सोलर पॅनेलवर बोलेन अशी सेक्रेटरींची अपेक्षा होती. विषय विजेचाच आहे, पण तो कासवाच्या दिव्याचा आहे.

त्याचं कारण सांगतो. मागच्या महिन्यात सी विंगमधला एक मुलगा काचेचा बाऊल हातात धरून माझ्या दारात उभा राहिला. म्हणाला, "आजोबा, याची पाठ मऊ लागतेय. असं असतं का?" मी बोटाने हलकेच दाबून पाहिलं. कवच दबत होतं. मोठं होत चाललेल्या कासवाची पाठ अशी दबायला नको. ए विंगमधल्या एका मुलीचं कासव दिवाळीत गेलं, तेव्हा आपण सगळ्यांनी "थंडीने गेलं" म्हणून विषय संपवला होता. मीही त्यात होतो. खरं तर मला तेव्हाच बोलायला हवं होतं, कारण हा धडा मी अमेरिकेत बरीच फजिती करून घेऊन शिकलो होतो.

माझी मुलगी मिझुरी राज्यात, सेंट लुइसजवळ राहते. तिच्या शेजारच्या आजीबाई वृद्धाश्रमात गेल्या, तेव्हा तीस वर्षं सांभाळलेलं कासव त्या माझ्या नातीच्या हवाली करून गेल्या. जात बॉक्स टर्टल. हे जंगलात, पानांच्या कचऱ्यात राहणारं जमिनीवरचं कासव. पोटाकडच्या कवचाला बिजागरी असते, त्यामुळे घाबरलं की डब्याला झाकण लावावं तसं स्वतःला आत बंद करून घेतं. पन्नास वर्षं सहज जगतं. म्हणजे नातीला मिळालं ते खेळणं नव्हतं, जवळजवळ वारसाहक्क होता. रंगरूप पाहून तिने नाव ठेवलं बटाटा.

त्या हिवाळ्यात मी तिकडे पोचलो तेव्हा बटाटा तळघरात काचेच्या टाकीत होता. पंधरा दिवस खाल्लं नव्हतं. डोळे मिटलेले, चालताना पोट जमिनीला घासत जायचं. जावई म्हणाले, "बाबा, तो हिवाळ्याची झोप घेत असेल." तळघरात मोजलं तर पंधरा अंश. बाहेर जंगलात ही कासवं थंडीत जमिनीत पुरून घेऊन झोपतात, हे खरं. पण त्यासाठी याहून बरीच जास्त थंडी लागते आणि जनावर आधी धडधाकट असावं लागतं. पंधरा अंशांत ना धड झोप ना धड जाग. अंगातला साठा खर्च होत राहतो आणि खाल्लेलं पचत नाही.

मी लगेच सूत्रं हातात घेतली. टाकी वर आणून दक्षिणेच्या खिडकीत ठेवली. मुलीला म्हटलं, "अगं, पोटभर ऊन येतंय इथे, तुमच्या दिव्यांची गरज काय?" आठवडा गेला, फरक शून्य. शेवटी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. एक्स-रेमध्ये हाडं फिकट, विरळ दिसत होती. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: ऊन काचेतून येतं का, आणि यूव्हीचा दिवा कधी बदलला?

दिवा आजीबाईंच्या घरून टाकीबरोबर आला होता. किती जुना, कुणालाच माहीत नव्हतं. लागत होता ना, झालं!

इथे माझी छत्तीस वर्षांची नोकरी कामी आली नाही. दिवा लागला म्हणजे काम करतो, हे आमच्या धंद्यातलं गणित. पण कासवाला जो किरण हवा तो आपल्याला दिसतच नाही. साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांनी, ज्यांना यूव्ही-बी म्हणतात, कातडीत ड जीवनसत्त्व तयार व्हायला सुरुवात होते. ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडं नि कवच कमकुवत होतात. जुन्या लोकांना मुडदूस माहीत असेल, तोच प्रकार. खिडकीची साधी काच उजेड आत सोडते, ऊब सोडते आणि नेमके हे किरण अडवते. यूव्ही दिवाही जुना झाला की आधी हे किरण कमी होतात, उजेड मात्र तसाच राहतो. म्हणून तो सहा ते बारा महिन्यांनी, कंपनीने सांगितलं असेल त्याप्रमाणे, चालू असला तरी बदलायचा. मी तेव्हापासून दिव्याच्या टोपीवर मार्करने तारीख लिहितो.

दुसरी गोष्ट उष्णतेची. आपल्या पोटात शेगडी आहे, आपण ३७ अंशांवर राहतो. कासवाला ही सोय नाही. ते ऊन आणि सावली यांच्यात ये-जा करून स्वतःचं तापमान राखतं. म्हणून सगळी टाकी एकसारखी गरम करणं हा उपकार नव्हे. त्याला एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा आणि मध्ये चालायला जागा लागते. अडीच फुटांच्या काचेच्या टाकीत हे जमत नाही.

मग मी आणि जावयांनी गॅरेजमध्ये प्लायवूडची पेटी ठोकली. सहा फूट लांब, तीन रुंद, वरून उघडी. खाली माती आणि कोकोपीट, पाच-सहा इंच, म्हणजे त्याला स्वतःला पुरून घेता यावं. एका टोकाला सपाट दगड आणि त्यावर ७५ वॅटचा साधा फ्लड बल्ब. दगडाचा पृष्ठभाग ३० ते ३२ अंशांवर येईपर्यंत बल्ब वर-खाली करत बसलो. गार टोकाला २१ ते २३. त्याच बल्बच्या जोडीला दोन फुटी यूव्ही ट्यूब, कासवाच्या पाठीपासून फूट-सव्वा फूट उंच. दोन्ही एकाच जागेवर पडायला हवेत, कारण सूर्याकडून ऊब आणि किरण एकत्रच येतात आणि ते ड जीवनसत्त्व पूर्ण व्हायलाही ऊब लागते. ट्यूबखाली काच किंवा प्लास्टिक अजिबात नाही. बारीक जाळीसुद्धा बरेच किरण खाते.

बाजारात खालून तापणारे दगड मिळतात. आमच्याकडेही होता, तो मी फेकून दिला. कासवाला पोटाखालची उष्णता नीट कळत नाही आणि ते भाजेपर्यंत बसून राहतं. ऊब वरूनच द्यायची. रात्री लाल बल्बही नको, त्याला लाल रंग दिसतो. रात्री अंधार आणि घरातलं १८ अंश तापमान पुरतं. त्याखाली गेलं तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर, आणि तो सिरॅमिकच्याच होल्डरमध्ये, प्लास्टिकचा होल्डर वितळतो. दिव्यांना टायमर, बारा तास चालू, बारा तास बंद. सगळं धरून दिवसाला सव्वा युनिटच्या आत. (तिकडचे दिवे १२० व्होल्टचे. कुणी हौसेने बॅगेतून आणून इथल्या २३० वर लावू नका.)

दिवा नुसत्या चिमट्यावर लटकवू नका, साखळीने बांधा. वाळक्या पानांवर गरम बल्ब पडला तर आग लागते. वायर सॉकेटपेक्षा खाली झोळ घेऊन वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटात जात नाही. सर्किटला ईएलसीबी हवाच. तिकडच्या हीटिंगने घरातली हवा फार कोरडी होते, म्हणून गार कोपऱ्यात ओलं शेवाळ आणि पाण्याचं उथळ ताट ठेवलं. डोळे सुजण्याला कोरडेपणाही कारण असतो.

आता माझी दुसरी चूक. जानेवारीत बाहेर उणे बारा झालं, म्हणून उबदार टोकाला सिरॅमिक हीटर लावला आणि त्याच्या थर्मोस्टॅटचं सेन्सर नुसतं मातीवर ठेवून दिलं. बटाट्याने उकरता उकरता ते ओल्या मातीत गाडलं. थर्मोस्टॅटला वाटलं गार आहे, आणि हीटर रात्रभर तापतच राहिला. सकाळी दगड ४१ अंशांवर. नात रडायलाच लागली. दगडाशी कासव नाही, पाण्यात नाही. शेवटी दुसऱ्या टोकाच्या कोपऱ्यात, शेवाळाखाली चार इंच खोल, डबा बंद करून बसलेला सापडला. सहा फूट पळायला जागा होती म्हणून वाचला. जुन्या टाकीत असता तर शिजला असता. त्या दिवशी सेन्सर फळीला स्क्रूने पक्कं केलं. आता रोज सकाळी हातातल्या थर्मामीटरने दोन्ही टोकं मोजायची जबाबदारी नातीची. वहीत लिहून ठेवते, अगदी मीटर रीडिंगसारखं.

डॉक्टरीणबाईंची औषधं, कॅल्शियम आणि कोमट पाण्याची रोजची अंघोळ चालूच होती. तिसऱ्या आठवड्यात बटाटा दगडावर चढला, मान आणि चारी पाय पसरून दिव्याखाली पडला आणि संध्याकाळी त्याने एक गांडूळ खाल्लं. आमच्या घरी त्या रात्री शिरा झाला.

आता आपल्या इमारतीकडे येतो. आपली मुलं पाळतात ती लाल कानपट्टीची पाणकासवं, रेड इअर्ड स्लायडर. ती मूळची त्याच मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली, जी माझ्या लेकीच्या गावावरून वाहते. त्यांनाही हाच नियम. पोहायला पाणी हवं, पण अंग पूर्ण कोरडं करून बसायला उबेची जागाही हवी आणि काचेविना ऊन हवं. बाथरूमबाहेरच्या पॅसेजमधल्या बाऊलमध्ये यातलं काहीच नसतं. ए विंगच्या मुलीला मुद्दाम सांगतो: बाळा, यात तुझा दोष नव्हता. दुकानदाराने तुला बाऊल आणि दाण्यांची डबी दिली, बाकी काही सांगितलंच नाही.

पुण्यात एक बरं आहे, वर्षातले बरेच महिने सूर्य फुकट मिळतो. पावसाळ्यात मात्र यूव्ही ट्यूब लागेल आणि डिसेंबर-जानेवारीत पाण्यात गार्ड असलेला मत्स्यपेटीचा हीटर. बाऊल तसाच उन्हात ठेवू नका, पाणी पाहता पाहता तापतं. मोठा टब, अर्ध्यावर सावली, चढायला वीट आणि शेजारी एक माणूस, कारण आपल्याकडे कावळे नि घारी आहेत. अगदी कोवळ्या उन्हात यूव्ही-बी फार कमी असते, तेव्हा नऊच्या पुढची वेळ धरा. पाठ मऊ झालीच असेल तर नुसत्या उन्हावर विसंबू नका, डॉक्टर गाठा. सी विंगच्या कासवाला आम्ही नेलं, औषध चालू आहे. कंटाळा आला म्हणून पाषाण तलावात सोडायचं तर नावच काढू नका, तिथल्या आपल्या जिवांच्या मुळावर येतात ती. आणि चांदण्यांचं देशी कासव कुणी विकायला आणलं तर घेऊ नका, ते पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

शेवटी कमिटीला एक अर्ज. आपल्या इमारतीत उघडं ऊन एकाच ठिकाणी आहे, गच्चीवर, आणि गच्चीला गेली अकरा वर्षं कुलूप आहे. दर रविवारी नऊ ते दहा किल्ली माझ्याकडे द्यावी. टब माझा, सावलीची ताडपत्री माझी. पाण्याच्या टाक्यांची झाकणं मी आधी तपासेन, आणि मोठ्या माणसाशिवाय एकही मूल वर येणार नाही हे लिहून देतो. सेक्रेटरीसाहेब मान हलवताहेत, पण ती 'हो' म्हणून की 'नाही' म्हणून, हे इथून मला नीट दिसत नाहीये.