शाळा सुटल्यानंतरचे तास
(हथखोज, भिलाई : भाषणाचा मजकूर)



हथखोजच्या औद्योगिक वसाहतीत पाळीचा भोंगा आणि शाळेची घंटा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरविले आहे; सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास. भागाकार केला म्हणजे दिवसाला चार ते साडेचार तास निघतात. कामगाराची पाळी कागदावरदेखील आठ तासांची असते. तीत जादा काम आणि जाण्यायेण्याचा वेळ मिळविला, की बाप आणि आई दोघेही कामावर असलेल्या घरातील मूल दिवसाचे पाच-सहा तास कोणाच्याही जबाबदारीवर नसते.

या तासांचे काय होते, हे वर्गावर अवलंबून असते. अधिकाऱ्याच्या मुलाचे हे तास शिकवणी, खेळ आणि पुस्तके यांसाठी विकत घेतले जातात. कंत्राटी कामगाराची दहा वर्षांची मुलगी याच तासांत धाकट्या भावाला कडेवर घेऊन चूल पेटविते. दुसऱ्या दिवशी वर्गात दोघांनाही एकच प्रश्न विचारला जातो आणि उत्तर न आलेल्या मुलीला 'मठ्ठ' ठरविले जाते.

कायद्याला हे तास अगदीच ठाऊक नाहीत असे मात्र नाही. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सरसकट बंदी घालताना तीत एक अपवाद ठेवण्यात आला : धोकादायक नसलेल्या घरच्या व्यवसायात मुलाने 'शाळेच्या वेळेनंतर' किंवा सुट्टीत मदत करावयास हरकत नाही. शाळेनंतरच्या वेळेची कायद्याने आवर्जून दखल घेतली, ती मुलाला कामाला लावण्याची सोय म्हणून! त्याच वेळेत त्या मुलाला पुस्तक, मैदान आणि घासभर खाणे मिळावे, असे बंधन राज्यकर्त्यांनी स्वतःवर घालून घेतलेले नाही.

पाळणाघरांची कथा याहून निराळी नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने तीसहून अधिक स्त्रिया कामावर असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले होते, ते सहा वर्षांखालील मुलांसाठी. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या कामगार संहितांनी तो कायदा बाजूस सारला. तथापि सहा वर्षांची मर्यादा जशीच्या तशी राहिली. सहावा वाढदिवस झाला की कामगाराचे मूल कामगार कायद्याच्या दृष्टीने नाहीसे होते. ते शाळेच्या स्वाधीन झाले असे धरले जाते आणि शाळा तर दुपारीच सुटते.

भिलाईत हा प्रश्न मांडण्यास विशेष औचित्य आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत युनियनशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पोलाद कारखान्याबरोबर वसाहत, शाळा, रुग्णालय, मैदाने उभी राहिली. कामगाराचे कुटुंब हाही सार्वजनिक उद्योगाच्या हिशेबातील विषय होता. जेथून ते तंत्रज्ञान आले त्या देशात शाळेनंतर मुलांसाठी पायोनिअर प्रासाद होते. खारकोव्हमध्ये १९३५ साली आणि लेनिनग्राडमध्ये, झारच्या घराण्याच्या जुन्या राजवाड्यात, १९३७ साली असे प्रासाद उघडले गेले. पुढे शाळांमधून वाढीव दिवसाचे वर्गही चालू झाले. आईबाप कामावरून येईपर्यंत मूल तेथे जेवी, खेळे, अभ्यास करी. तो देश आज राहिला नाही आणि त्याच्या चुकांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण स्त्री कामाला जाते तर तिच्या मुलाची दुपार ही समाजाची जबाबदारी ठरते, हा हिशेब चुकीचा होता असे कोणी सिद्ध केलेले नाही. भिलाईने सोव्हिएत झोतभट्टी घेतली, हा हिशेब घेतला नाही. आणि जे काही मिळाले ते कायम कामगारालाच. हथखोजच्या लहान कारखान्यांतील कंत्राटी कामगार त्या कुंपणाबाहेरच राहिला.

या कुंपणाविरुद्ध भिलाईत मोठा लढा झाला. २८ सप्टेंबर १९९१ रोजी शंकर गुहा नियोगी यांचा खून झाला. १ जुलै १९९२ रोजी रेल्वे रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला. नियोगींशी अनेक बाबतींत मतभेद होते आणि ते लपविण्याचे कारण नाही. परंतु संघटनेने कामगाराच्या आठ तासांपुरते न पाहता चोवीस तासांकडे पाहावे, हा त्यांचा आग्रह येथे लागू पडतो. दल्ली-राजहऱ्याच्या खाणकामगारांनी १९८३ साली स्वतःच्या पैशाने रुग्णालय उभारून तो आग्रह प्रत्यक्षात आणला. मात्र कामगारांच्या वर्गणीवर प्रत्येक वस्तीत बालकेंद्र चालविणे शक्य नाही आणि तसे चालविले तर सरकार निर्धास्त होते.

सरकारला हे जमते, याचा पुरावा तमिळनाडूत आहे. करोनाकाळात शाळा बंद राहिल्या. त्यानंतर ऑक्टोबर २०२१ मध्ये त्या राज्याने 'इल्लम तेडि कल्वि' ही योजना सुरू केली. सायंकाळी वस्तीतच तास-दीड तास वर्ग, सुमारे दोन लाख स्वयंसेवक, खर्च राज्याच्या तिजोरीतून. नंतर झालेल्या पाहणीत आढळले, की मुलांच्या शिक्षणाची जी पीछेहाट झाली होती तिचा दोन-तृतीयांश भाग सहा महिन्यांत भरून निघाला आणि त्या भरपाईतील जवळजवळ चौथा हिस्सा या सायंवर्गांचा होता.

याच योजनेची काळी बाजूही पाहिली पाहिजे. स्वयंसेवकांना, आणि त्यांत स्त्रियाच बहुसंख्य, महिना १,००० रुपये मानधन दिले गेले. अंगणवाडीताई आणि मध्यान्ह भोजन शिजविणारी बाई यांच्याबाबतीत जी लबाडी चालते तीच ही लबाडी : श्रमाला सेवा म्हणावयाचे आणि वेतनाला मानधन. मुलाची सोय अशा स्वस्त श्रमावर उभी करावयाची असेल तर कामगार चळवळीने ती निमूट स्वीकारू नये.

'पैसा कोठून आणावयाचा?' हा प्रश्न हटकून येईल. मध्यान्ह भोजनाच्या वेळीही तो आला होता. शिजविलेले अन्न द्या, हा सर्वोच्च न्यायालयाचा २००१ चा आदेश निघेपर्यंत बहुतेक राज्ये कोरडे धान्य वाटून मोकळी होत असत. शाळेची इमारत दुपारनंतर कुलूपबंद असते. स्वयंपाकघर, भांडी, हातपंप तेथे आहेतच. मुख्य खर्च माणसांच्या वेतनाचा. तो समग्र शिक्षा आणि राज्याचे अंदाजपत्रक यांतून आला पाहिजे. बांधकाम कामगारांच्या मुलांसाठी १९९६ च्या कायद्याखाली गोळा होणारा उपकर आहे. दल्ली-राजहऱ्यासारख्या खाणभागात जिल्हा खनिज निधी आहे. शिक्षण आणि बालकल्याण हे त्याच्या अग्रक्रमाचे विषय आहेत. कंपन्यांच्या 'सामाजिक दायित्वा'वर मात्र भिस्त ठेवू नये. २०१३ च्या कंपनी कायद्याची ती अट बड्या कंपन्यांपुरती आहे, छोट्या कारखान्यांचे बहुतेक मालक तीतून सुटतात, आणि मालकाच्या मर्जीने उघडलेले केंद्र मालकाच्या मर्जीने बंदही होते.

मागणीचा मसुदा म्हणून पुढील गोष्टी वस्तीवस्तीत चर्चेला घ्याव्यात. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी सरकारी शाळेतच, पाळी सुटेपर्यंत चालणारे बालकेंद्र, दुपारचे खाणे, किमान वेतनावर नेमलेल्या शिक्षिका-सेविका, देखरेखीसाठी पालक आणि कामगार संघटना यांची समिती, आणि कामगार कायद्यातील सहा वर्षांची मर्यादा चौदापर्यंत वाढविणे. हथखोजच्या मुलांची घरची भाषा छत्तीसगढी आहे, काहींची मराठी, ओडिया, तेलुगू. सेविका त्याच वस्तीतील असाव्यात, हे कलम मसुद्यात विसरले जाऊ नये.

निवेदनापूर्वी प्रत्येक शाखेने एक काम करावे. आपल्या वस्तीतील किती मुले दुपारनंतर घरी एकटी असतात आणि त्यांचे आईबाप किती वाजता परततात, याची घरोघर फिरून नोंद घ्यावी. ती यादी निवेदनाला जोडावी आणि जिल्हाधिकाऱ्याकडे ते निवेदन मातांच्या हस्ते द्यावे.