पूर्ण कशाला म्हणायचं?



दाभोळच्या बंदराजवळ घुमट आणि चार मिनारांची एक जुनी मशीद आहे. गावात तिला अंडा मशीद म्हणतात. शाही मशीद, मासाहेबांची मशीद अशीही तिची नावं आहेत. ती आदिलशाहीतली, 1659-60 च्या सुमाराची. तिच्याबद्दल सांगतात ते असं : विजापूरची एक शाहजादी, आयेशाबीबी, मक्केच्या यात्रेला निघाली आणि दाभोळपर्यंत आली. बरोबर मोठा लवाजमा होता, पंधरा लाखांचा खजिना होता. इथून जहाजात बसायचं, पण समुद्रावर चाच्यांचं भय. यात्रा काही पुढे सरकेना. शेवटी बरोबरच्या काझी-मौलवींनी सुचवलं, की हा पैसा इथंच धर्मकार्याला लावावा. त्यातून ही मशीद उभी राहिली.

आख्यायिका आहे, तिचा शब्द न् शब्द इतिहासाच्या काट्यावर तोलू नये. पण तिच्या पोटात एक फार मोठा प्रश्न आहे. शाहजादीचा संकल्प पूर्ण झाला की अपुरा राहिला? मक्का तिला दिसली नाही. उलट दाभोळला मात्र अशी वास्तू मिळाली, की दक्षिण कोकणात तिच्या तोडीची त्या घडणीची दुसरी दाखवता येत नाही. यात्रा अर्धी आणि वास्तू पुरी. मग पूर्ण म्हणायचं तरी कशाला?

हा प्रश्न माणसाला फार पूर्वीपासून छळतो आहे. ग्रीसमध्ये ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात पार्मेनिडीझ नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. जे खरोखर आहे ते कसं असेल, हे सांगताना त्याला गोलाची उपमा सुचली : सगळ्या बाजूंनी सारखा, कुठे उणा नाही, कुठे जास्त नाही. पुढे ॲरिस्टॉटलनं आपल्या ‘मेटाफिजिक्स’ या ग्रंथात पूर्णत्वाची नीट फोड केली. ज्याचा एकही भाग बाहेर राहिलेला नाही ते पूर्ण. आपल्या जातीत ज्याच्यावर वरचढ काही नाही ते पूर्ण. आणि जे आपल्या उद्दिष्टाला पोचलं ते पूर्ण. घुमटाकडे पाहताना यातला पहिला अर्थ पटकन पटतो. एक चिरा वाढवावा असं वाटत नाही, एक काढावा असं वाटत नाही. त्याच काळातली विजापूरची बारा कमान डोळ्यांपुढे आणा. दुसऱ्या अली आदिलशहाची ती कबर. 1672 मध्ये तो वारला आणि बांधकाम थांबलं ते थांबलंच. आज तिथे नुसत्या उघड्या कमानी आहेत. घुमट व्हायचा होता, तो झाला नाही.

पण ॲरिस्टॉटल इथेच थांबत नाही, आणि मला त्याचं पुढचं म्हणणं जास्त मोलाचं वाटतं. तो म्हणतो, वैद्य पूर्ण असू शकतो, बासरीवाला पूर्ण असू शकतो, तसंच लोक चोरालाही पूर्ण चोर म्हणतात. म्हणजे आपल्या कामात कसर न ठेवणं आणि चांगलं असणं या दोन गोष्टी एक नव्हेत.

दाभोळला हे वेगळं शिकवावं लागत नाही. बहमनी काळापासून हे मोठं बंदर. अरबस्तानातून घोडे यायचे, व्यापारी यायचे. पंधराव्या शतकात अफानासी निकितीन हा रशियन प्रवासी हिंदुस्थानातून परत निघाला तो इथूनच जहाजात बसून. आणि डिसेंबर 1508 च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेडा आरमार घेऊन याच खाडीत आला. त्यानं शहर जाळलं, बायकापोरांसकट माणसं कापली. आरमाराच्या हिशेबानं ती मोहीम कशी होती? फत्ते. ठरवलं ते पार पडलं, कसर राहिली नाही. उद्दिष्टाला पोचणं एवढीच पूर्णत्वाची कसोटी धरली, तर दाभोळची होळी तिच्यात चोख उतरते. म्हणून काम किती नेमकं झालं हे विचारण्याआधी ते कशासाठी झालं हे विचारायला हवं. आज शाळेत मुलांना शंभरपैकी शंभर मिळाले की आपण समाधानानं मान डोलावतो आणि हा पहिला प्रश्न विसरतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता त्याच गावातल्या दुसऱ्या ठिकाणी चला. दाभोळची चंडिकादेवी गुहेत आहे. वाकून आत जावं लागतं. आत विजेचा दिवा नाही, तेलाच्या दिव्यांचा उजेड तेवढा. उन्हातून आलेल्या माणसाला आधी काहीच दिसत नाही. एक हात भिंतीला लावून पावलं टाकायची, मग हळूहळू डोळे सरावतात. देवी स्वयंभू आहे अशी श्रद्धा आहे. कोकणात स्वयंभू देवस्थानं ठिकठिकाणी आहेत, आणि ती मानणाऱ्या माणसाच्या मनातला पूर्णत्वाचा विचार घुमट बांधणाऱ्याच्या विचाराहून निराळा असतो. घडवलेल्या वस्तूला माप लावता येतं : ओळंबा चुकला का, घोटाई राहिली का. जे कुणी घडवलंच नाही, त्यात राहून काय गेलं हे कोण सांगणार? तिथे उणं-अधिक हा प्रश्नच उभा राहत नाही.

हीच दृष्टी आपल्याकडे उपनिषदांत फार वरच्या पातळीवर गेली. ईशावास्याचा शांतिमंत्र आपल्यापैकी कित्येकांना पाठ असेल. बृहदारण्यकातही तो आहे. त्यातल्या पूर्णाची ओळख अशी, की त्यातून कितीही काढलं तरी ते घटत नाही. ग्रीकांना हे मानवलं नसतं. त्यांच्या लेखी ज्याला हद्द आहे तेच पूर्ण. ॲरिस्टॉटल तर सांगतो, की अनंताच्या बाहेर नेहमी काहीतरी उरतंच, म्हणून अनंत हे पूर्ण नव्हे. आपल्या ऋषींनी नेमकी ती हद्दच काढून टाकली. आणि हे नुसतं अध्यात्मात राहिलं नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त शून्यानं भागलेल्या राशीला खहर म्हटलं. तिच्यात काही मिळवा, काही वजा करा, ती बदलत नाही. दाखला त्यांनी अनंत, अच्युत ईश्वराचा दिला : सृष्टी त्याच्यातून निघते, त्याच्यात लय पावते, पण त्याच्यात फरक पडत नाही. गणिताच्या पुस्तकात आलेला हा दाखला मला आपल्या परंपरेतला अतिशय देखणा क्षण वाटतो. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात याच भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती कोरलेली आहे. म्हणजे हा विचार आपल्याच मातीत वावरलेला आहे.

माणसाच्या हातून होणाऱ्या कामाला मात्र यातलं कोणतं पूर्णत्व लागू करायचं? मला इथे महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे आठवतात. त्यांचा जन्म 1880 चा, चिपळूणजवळ परशुरामाच्या डोंगरावरच्या पेढे गावातला. त्याच डोंगराखालून वाशिष्ठी वाहते आणि दाभोळला समुद्राला मिळते. काण्यांचं शालेय शिक्षण दापोलीला झालं, पुढे ते मुंबईत हायकोर्टात वकिली करू लागले. ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाच्या संपादनाच्या वेळी धर्मशास्त्राच्या इतिहासाचं एक प्रास्ताविक जोडावं एवढाच त्यांचा बेत होता. ते वाढत वाढत स्वतंत्र ग्रंथ झालं. ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’चा पहिला खंड 1930 मध्ये निघाला आणि पाचवा 1962 मध्ये. एकूण साडेसहा हजारांवर पानं. पुढच्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं.

बत्तीस वर्षांचं काम हातावेगळं झालं, वय ब्याऐंशी. आता एक ओळही वाढवली नसती तरी कुणी बोट ठेवलं नसतं. पण मधल्या तीन दशकांत नवे ग्रंथ उजेडात आले होते, काळनिर्णय बदलले होते. काण्यांनी पहिला खंड पुन्हा हातात घेतला आणि तो वाढवून, सुधारून लिहिला. त्या सुधारित आवृत्तीचा पहिला भाग 1968 मध्ये बाहेर पडला तेव्हा ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. 1972 मध्ये ते गेले. दुसरा भाग 1975 मध्ये प्रसिद्ध झाला. धर्मशास्त्रावर काम करणारे अभ्यासक आजही त्यांचे खंड उघडल्याशिवाय पुढे जात नाहीत. काही ठिकाणी त्यांच्याशी वाद घालतात, काही ठिकाणी त्यांच्यापुढे एक पाऊल टाकतात, आणि तरीही त्या ग्रंथाचं काही कमी होत नाही.