मानसिक आरोग्यसेवेच्या कराराची मुदतवाढ : प्रश्न सातत्याचा
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत मानसोपचार विभागप्रमुखांनी केलेले भाषण)



वार्षिक सभेत प्रत्येक विभागाने आपला आढावा मांडावा, अशी प्रथा आहे. आमच्या विभागाचे आकडे अहवालाच्या परिशिष्टात दिलेले आहेत; ते वाचून दाखवण्यात आपला वेळ घेत नाही. महानगरपालिकेच्या दवाखान्यांतून आपले रुग्णालय जी सामुदायिक मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्ती सेवा चालवते, तिच्या कराराची मुदत येत्या ३१ मार्चला संपत आहे. मुदतवाढीचा प्रस्ताव पालिकेकडे सादर झाला आहे. त्या निमित्ताने असा करार किती मुदतीचा असावा आणि त्यात कोणती कलमे असावीत, याविषयी काही विचार आपल्यापुढे ठेवण्याची परवानगी घेतो.

मनोरुग्णाला रुग्णालयापर्यंत येण्यास सांगण्याऐवजी सेवा त्याच्या वस्तीपर्यंत न्यावी, हा विचार आपल्या देशात नवा नाही. १९७५ च्या सुमारास चंडीगडजवळील रायपूर राणी आणि बंगळूरजवळील सकलवारा येथे त्याचे पहिले प्रयोग झाले. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारला गेला. कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्याच्या अनुभवावरून १९९६ साली जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, तो अवघ्या चार जिल्ह्यांत. पुढे त्याचा विस्तार झाला, तरी गरज आणि सेवा यांतील अंतर फार मोठे राहिले. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, मद्याच्या विकाराने ग्रस्त असलेल्या दर शंभरांपैकी सुमारे ८६ जण उपचारांपासून वंचित असल्याचे आढळले. तीव्र मानसिक आजारांत हे प्रमाण सुमारे ७४ होते. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या खाटा कितीही वाढवल्या, तरी एवढी मोठी दरी त्यांच्याने भरून निघणार नाही. ती भरायची तर घराजवळचा दवाखाना हाच मार्ग आहे.

येथे धर्मादाय रुग्णालय म्हणून आपली एक अडचण सांगितली पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ साली आपल्या राज्यात जी योजना लागू झाली, तिच्यानुसार आपण १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवतो. ही योजना मोलाची आहे. परंतु तिचा मुख्य हिशेब खाटांचा आहे. आमच्या बहुसंख्य रुग्णांना खाटेची गरज नसते. त्यांना लागतात ती दरमहा मिळणारी औषधे, ओळखीचा समुपदेशक आणि ठरलेल्या दिवशी रुग्ण आला नाही तर त्याच्या घरी जाऊन चौकशी करणारा कार्यकर्ता. हे काम खाटांच्या हिशेबात बसत नाही. म्हणूनच स्थानिक स्वराज्य संस्थेशी करार करावा लागतो. जागा आणि औषधे पालिकेची, मनुष्यबळ आपले, अशी ही विभागणी आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते; आजार त्या दिवशी संपत नाही. नैराश्याचा रुग्ण बरा वाटू लागल्यानंतरही किमान सहा महिने औषध चालू ठेवावे लागते. स्किझोफ्रेनियाच्या पहिल्या झटक्यानंतर उपचार निदान एक ते दोन वर्षे, आणि अनेकदा त्याहून अधिक काळ चालतात. मध्येच औषध सुटले तर आजार उलटण्याचा धोका अनेक पटींनी वाढतो. लिथियम घेणाऱ्या रुग्णाच्या रक्ताची तपासणी काही महिन्यांच्या अंतराने होत राहिली पाहिजे. क्लोझापिन सुरू केल्यावर पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावे लागते. तेव्हा जानेवारीत क्लोझापिन सुरू झालेल्या रुग्णाची तपासणी एप्रिलमध्ये कोण करणार, हा प्रश्न कागदोपत्री क्षुल्लक वाटला, तरी त्या रुग्णाच्या जिवाशी निगडित आहे.

व्यसनमुक्तीत हे आणखी स्पष्ट दिसते. वर्षानुवर्षे रोज मद्य घेणाऱ्याने ते एकाएकी बंद केले, तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दोन ते चार दिवसांत भ्रमिष्टावस्था उद्भवू शकते. हा काळ डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढावा लागतो. परंतु तो उपचारांचा केवळ आरंभ होय. खरी कसोटी पुढील महिन्यांत, पगाराच्या दिवशी, लग्नकार्यात, घरातील भांडणानंतर लागते. पुन्हा पिणे घडले तर रुग्ण लाजेने तोंड लपवतो. अशा वेळी त्याला परत यावेसे वाटते ते ज्याच्यावर विश्वास बसला आहे त्याच माणसाकडे. करार वर्षावर्षाने लांबवला जातो, मंजुरी उशिरा येते आणि मधल्या काळात वेतनाची शाश्वती न उरल्याने अनुभवी समुपदेशक दुसरीकडे जातात. नवा माणूस नेमता येतो. परंतु विश्वास नेमणुकीच्या पत्राबरोबर येत नाही.

अशी सेवा सामान्य माणसांच्या हातून प्रभावीपणे देता येते, याला आता भक्कम पुरावा आहे. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात मद्यपान करणाऱ्या पुरुषांवर झालेला अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षित समुपदेशकांनी एक ते चार बैठकी घेतल्या. तीन महिन्यांनंतर त्यांच्या गटातील ४२ टक्के पुरुष आधीच्या पंधरवड्यात मद्यापासून पूर्ण दूर होते. नेहमीची सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण १८ टक्के होते. आपल्याच विदर्भात ३० गावांत 'विश्राम' हा उपक्रम राबवला गेला. तेथे नैराश्यग्रस्तांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्के होते, ते दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेले. या दीड वर्षात तेथे सेवा अखंड होती, हे आपण ध्यानात घ्यावे.

पालिकेच्या बाजूनेही एक रास्त प्रश्न विचारला जातो. सार्वजनिक निधी खर्च होत असताना निविदा न काढता एकाच संस्थेला दीर्घ मुदत का द्यावी? या प्रश्नाला टाळाटाळीचे उत्तर देणे योग्य होणार नाही. सेवा सुमार असेल तर ती बदलण्याचा पालिकेला पूर्ण अधिकार आहे, आणि धर्मादाय संस्था म्हणून आपल्याला यातून सूट मिळू नये. आमचे म्हणणे एवढेच की, तपासणी कठोर असावी आणि मुदत पुरेशी असावी. या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत.

म्हणून मुदतवाढीच्या प्रस्तावात पुढील बाबींचा समावेश व्हावा, अशी विनंती मी विश्वस्त मंडळाला व पालिकेला करतो. पहिली, करार किमान तीन वर्षांचा असावा आणि दरवर्षी त्याचा त्रयस्थ आढावा घेतला जावा. दुसरी, यशाचे मोजमाप केवळ बाह्यरुग्णांच्या संख्येवर होऊ नये. सहा महिन्यांनंतर आणि वर्षानंतर किती रुग्ण उपचारांत टिकले, हेही मोजावे. तिसरी, करार संपुष्टात आला तर हस्तांतरणासाठी तीन महिन्यांचा काळ ठेवावा आणि त्या काळात औषधे व समुपदेशकांचे वेतन चालू राहावे. चौथी, रुग्णांच्या नोंदी त्यांच्या संमतीने आणि गोपनीयता राखून पुढील सेवेकडे सोपवल्या जाव्यात.

या मागण्यांकडे कोणी उपकार म्हणून पाहू नये. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने शासनाने चालवलेल्या किंवा शासनाच्या निधीवर चालणाऱ्या सेवांतून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला दिला आहे. गोपनीयतेचा हक्कही त्याच कायद्याने दिला आहे. हक्काला आर्थिक वर्षाची मर्यादा नसते.

शेवटी आपल्या संस्थेच्या कर्तव्याविषयी. मुदतवाढ मिळेल अशी आशा आहे. परंतु ती मिळाली नाही किंवा मंजुरीस विलंब झाला, तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दवाखान्यात येणाऱ्या रुग्णाने बंद दार पाहू नये. त्यासाठी तीन महिन्यांच्या औषधांची आणि वेतनाची तरतूद न्यासाच्या निधीतून आजच राखून ठेवावी, असा प्रस्ताव मी या सभेपुढे मांडतो. देणगीदारांना नम्र निवेदन की, इमारतीवर नाव कोरले जाते तसे या निधीवर कोरता येणार नाही. परंतु एखाद्या घरातील कर्ता माणूस कामावर परत जाईल, एखादी मुलगी शिक्षण पूर्ण करील, त्यात आपला वाटा असेल.