ठासणीची बंदूक आणि परवान्याची फी

बंदुकीचा परवाना म्हटलं की शहरात कमरेचं पिस्तूल आठवतं. आमच्या मालवण तालुक्यात मात्र ती शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक असते. डुकरं भातात शिरली, माकडं माडावर चढली की हवेत एक बार काढायचा. डुक्कर मारायचं तर वनखात्याची वेगळी परवानगी लागते, हे लक्षात ठेवा.

तर फी. ती ना नगरपालिका ठरवते, ना ग्रामपंचायत. १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १६प्रमाणे ती केंद्राच्या नियमांतून ठरते, आणि परवान्याच्या प्रकारानुसार वेगवेगळी ठेवता येते. कलम १३मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेखच आहे. म्हणजे कायद्याला शेतकरी माहीत आहे.

पण बाबा म्हणतात, "फी मोठी नाय रे झिला, फेरेच जड जातत." एक फेरा म्हणजे एका दिवसाचं काम बुडालं, वर एसटीचं तिकीट. २०१९च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं झाली, तेवढे फेरे वाचले. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची. डुकरांना कुठली आचारसंहिता!

बाबांनी आता सत्तरी गाठली. २०१६च्या नियमांप्रमाणे परवाना वारसाच्या नावे करता येतो, म्हणून अर्ज मी भरलाय. फी माफ करा असं मी म्हणत नाही. नूतनीकरणाचं शिबिर तालुक्यालाच लावा, एवढंच मागणं.