राखीव खुर्च्या



सूत्रसंचालकांनी माझ्या नम्रतेवर सात मिनिटं घालवली. मी घड्याळ लावून मोजली. मला ती आवडली. सहावं मिनिट तर फारच. तेव्हा 'गर्व' या आजच्या विषयावर बोलायला आरोपीच उभा राहिलाय, असं समजा.

आपल्या गर्वाला हल्ली अंगठ्या लागत नाहीत, साक्षीचा माइक पुरतो. 'मी पामर, पण प्रभूने मला वापरलं' म्हणताना 'मला'वर पडणारा जोर ऐका. छताकडे बघा: पंख्याच्या पात्यावर 'अमक्यांच्या स्मरणार्थ'. पंखा फिरला की नाव वाचता येत नाही, म्हणून नागपूरच्या मे महिन्यातही तो बंद ठेवणारे निघतील!

आणि घराण्याचा तोरा. 'आमच्या पणजोबांचा बाप्तिस्मा हिस्लॉपसाहेबांच्या काळातला.' बरं मग? मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये इथे आले, शाळा काढली, खडक धुंडाळले, आणि 4 सप्टेंबर 1863 ला टाकळघाटहून परतताना पुराच्या पाण्यात बुडाले. त्यांच्या नावाचं कॉलेज निघालं 1883 मध्ये. स्वतःची पाटी लावायला ते उरलेच नव्हते. पणजोबांनी जात सोडली, ते धाडस होतं. पणतू मात्र काल मंडळीत आलेल्याला आधी आडनाव विचारतो आणि मग सोयरिकीचा हिशेब मांडतो.

आता उलट उदाहरण. याच शहरात 1933 मध्ये ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी लक्ष्मीबाई टिळक होत्या. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. त्यांचे पती नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, त्या 1900 मध्ये. मधल्या काळातलं त्यांचं सोवळं, कुणाच्या हातचं पाणी चालतं आणि कुणाच्या हातचं नाही ही सगळी ओढाताण 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्रात अशी उतरलीय की हसू आधी त्यांनाच आलं असावं. त्या स्वतःला पामर म्हणवून मोकळ्या होत नाहीत. कुठे, कशी फजिती झाली ते सांगतात. पामर म्हणवून घ्यायला पैसा पडत नाही. 'मागच्या बैठकीत मी तुमचा चारचौघांत पाणउतारा केला, चुकलो' हे आपल्या पंचकमिटीत शेवटचं कोण म्हणालं होतं? मी तरी नाही.

29 नोव्हेंबर 1970 ला याच नागपुरात सहा मंडळ्यांनी आपापली जुनी नावं खाली ठेवली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आलं. आपल्याला खजिनदारकी सोडवत नाही.

दूर कशाला, या सक्करदऱ्यातच बघा. राजे रघुजीराव भोसल्यांनी 1908 मध्ये ताजुद्दीन बाबांना वेड्यांच्या इस्पितळातून सोडवून इथल्या आपल्या वाड्यात आणलं. हिंदू राजा मुसलमान फकिराच्या पायाशी बसला. दुसऱ्या धर्माचं उदाहरण दिलं म्हणून काही कपाळांवर आठ्या दिसताहेत. मी त्या आठ्यांबद्दलच बोलतोय.

याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय आपण दरवर्षी वाचतो: सोन्याची अंगठीवाला आला की चांगली जागा, गरीब आला की 'तू तिथे उभा राहा'. आता मागे वळा. सकाळी सतरंज्या घातलेल्या, सत्तर जणांचा चहा केलेल्या बाया दाराशी उभ्या आहेत, आणि पुढच्या दोन रांगांवर 'राखीव'च्या चिठ्ठ्या आहेत. त्या चिठ्ठ्या आधी काढा. बाया बसेपर्यंत मी थांबतो.